लांकडी पाटीचा रंग आणि चिकटविलेलीं अक्षरें



मुंबईहून महाड ओलांडून येणारा महामार्ग पोलादपुरास पोंचतो, तेथें त्याला दोन वाटा फुटतात. एक सरळ दक्षिणेस कशेडीकडे आणि तेथून खेड-चिपळुणावरून गोमंतकाकडे जाते. दुसरी डावीकडे वळून आंबेनळी घाटानें प्रतापगडाच्या बाजूनें महाबळेश्वरास चढते. या वाटांच्या आजूबाजूस डोंगरांच्या खोबणींतून वाड्या आणि खेडीं विखुरलेलीं आहेत. तानाजी मालुसऱ्यांची समाधि असलेलें उमरठ हें त्यांपैकींच एक. अशा मुलुखांत नवख्या माणसाचा वाटाड्या म्हणजे रस्त्याच्या कडेची पाटी. मोबाइलवरचा नकाशा हल्लीं वाट दाखवितो हें खरें. पण घाटांत शिरतांच त्याची वाचा बसण्याची त्याला संवय आहे.

सरकारनें उभारलेल्या पाट्या बहुधा धातूच्या असतात आणि त्यांचे आकार व रंग नियमांनीं ठरलेले असतात. त्यांच्याशीं आज आपल्याला कर्तव्य नाहीं. मला बोलावयाचें आहे तें लांकडी पाट्यांविषयीं. आपल्यापैकीं कितीएकांचें मूळ घर या किंवा अशाच एखाद्या खोऱ्यांत असेल. वाडीच्या फांट्यावर वाडीचें नांव असावें, वाचनालयाला, देवळाला, शाळेला पाटी असावी, म्हणून मुंबईस राहणारी मंडळी वर्गणी काढतात. सुतार गांवांतच असतो, आणि लांकूड कोणाच्या तरी माळ्यावर असतेंच. या पाटीची किंमत एरवीं लक्षांत येत नाहीं. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत महाड शहर सावित्रीच्या पुरांत बुडालें, तळिये गांवावर दरड कोसळली, आणि आंबेनळी घाटांतील रस्ता जागोजाग तुटला. अशा वेळीं बाहेरून मदतीस येणाऱ्या माणसाला ही वाडी कोणती हें सांगावयास रस्त्यावर कोणी उभें नसतें. उभी असते ती पाटी. म्हणून वर्गणीच्या पाटीवरचीं अक्षरें दुसऱ्याच पावसाळ्यांत गळालेलीं पाहिलीं कीं वाईट वाटतें. आणि तीं गळतात त्याचें कारण बहुतेक वेळां अक्षरांत नसतें, त्यांच्याखालच्या रंगांत असतें.

पूर्वीं पाटी पेंटर रंगवीत असे. जमीनहि तेलरंगाची आणि अक्षरेंहि तेलरंगाचींच. तीं दोन्हीं एकाच जातीचीं असल्यामुळें बरोबरच म्हातारीं होत, बरोबरच फिकीं पडत. अक्षर फिकें झालें तरी जागा सोडीत नसे. आतां यंत्रानें कापलेलीं व्हिनाइलचीं अक्षरें आणून चिकटवितात. बाजारांत त्यांना सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं शोधून काढलेल्या रेडियमचा त्यांत कणहि नसतो. रात्रीं मोटारीच्या दिव्यांत जीं अक्षरें लखलखतात त्यांत कांचेचे अतिसूक्ष्म मणी बसविलेले असतात व ते आलेला उजेड आल्या दिशेस परत पाठवितात, एवढाच काय तो चमत्कार. मूळ द्रव्य पी.व्ही.सी. आहे. तें स्वभावतः कडक. त्याला मऊ करण्याची युक्ति अमेरिकेंत वाल्डो सीमन या रसायनज्ञानें १९२६ सालीं काढली, आणि मग त्याचे कातड्यासारखे पातळ पापुद्रे निघूं लागले.

तेव्हां नव्या पाटींत तीन परके एकत्र नांदावयास आले आहेत. तळाशीं लांकूड, तें हवेप्रमाणें फुगतें आणि आटतें. वर व्हिनाइलचा पापुद्रा, त्याला लांकडाच्या या खटाटोपाची दादहि नसते. आणि मध्यें, दोघांचे हात धरून उभा असलेला रंग. पूर्वीं रंगाचें काम मुख्यतः दिसण्याचें होतें. आतां तें धरून ठेवण्याचें झालें आहे. दुकानांत जाऊन छटांचें पुस्तक उघडण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घेतलें तर निम्मी निवड तेथेंच होते.

लांकडाविषयीं थोडें सांगतों. लांकूड लांबीच्या अंगानें जवळजवळ हलत नाहीं. हलतें तें रुंदीच्या अंगानें. पोलादपुरास वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. श्रावणांत पाणी पिऊन फुगलेली फळी वैशाखांत आटते, आणि हा खेळ दर वर्षीं चालतो. फळी जितकी रुंद तितकी हालचाल अधिक. म्हणून एकाच रुंद फळीचा मोह धरूं नये. साग उत्तम, परंतु त्याच्या अंगांत तेल असतें. प्रायमर लावण्यापूर्वीं तो थिनरच्या फडक्यानें पुसून घ्यावा, नाहींतर रंग त्याला धरीतच नाहीं. ऐन आणि किंजळ या भागांत मिळतात व टिकतातहि, मात्र तीं पूर्ण वाळलेलीं असावींत. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण उघड्यावर तिला बुरशी आणि कीड दोन्ही लवकर गांठतात. ज्यांना लांकडाचा आग्रह नाहीं त्यांनीं मरीन प्लाय घ्यावा. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असल्यामुळें तो फारसा हलत नाहीं, आणि अक्षरांना हेंच हवें असतें. त्याच्या कडा मात्र उघड्या ठेवूं नयेत.

आतां रंग. दुकानदार बहुधा भिंतींच्या बाहेरून लावावयाचा इमल्शन रंग पुढें करील, आणि तो पावसांत टिकतो असें सांगेल. तें खोटें नाहीं. भिंतीवर तो टिकतोच. परंतु अशा रंगाचा पृष्ठभाग बहुधा निस्तेज, म्हणजे बारीक रव्यासारखा असतो. अक्षराच्या मागचा चीक त्या कणांच्या केवळ शेंड्यांना टेंकतो, मधल्या खळग्यांत हवा राहते, आणि पावसाचें पाणी वाट काढीत तेथेंच येतें. शिवाय यांतील कित्येक रंगांत धूळ बसूं नये म्हणून सिलिकोनसारखीं द्रव्यें घातलेलीं असतात. जो रंग धुळीला बसूं देत नाहीं तो अक्षराला तरी कां बसूं देईल? उत्तम ॲक्रिलिक रंग लांकडाच्या हालचालीबरोबर ताणला जातो हा त्याचा मोठा गुण, आणि लांकडासाठीं म्हणून निघालेला, पाण्यांत कालवावयाचा चकचकीत ॲक्रिलिक इनॅमल मिळाला तर अवश्य घ्यावा. भिंतीचा उरलेला डबा मात्र पाटीला वापरूं नये.

दुसरा आपला नेहमींचा सिंथेटिक इनॅमल, जो खिडक्या-दारांना लावतात. तो चकचकीत, घट्ट आणि गुळगुळीत असतो. अक्षराचा चीक त्याला सबंध अंगानें टेंकतो. बहुसंख्य पाट्यांसाठीं मी याच्याच बाजूचा आहे. पण त्याचा एक स्वभाव ओळखला पाहिजे. पाणी उडून गेलें म्हणजे धोतर वाळतें, तसा हा रंग वाळत नाहीं. त्यांतलें पातळ द्रव्य उडून गेल्यावर त्यांतील तेल हवेंतला प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होत जातें. संध्याकाळीं बोट लावलें तर कोरडा लागतो; आंत मात्र तो कित्येक आठवडे शिजतच असतो आणि वाफा सोडीत असतो. त्यावर चौथ्या दिवशीं व्हिनाइल चिकटविलें म्हणजे त्या वाफांची वाट बंद होते. मग पापुद्र्याखालीं फुगे येतात, चीक सैल पडतो, आणि अक्षराची कड उचलली जाते. लोक म्हणतात व्हिनाइल हलकें निघालें. बिचाऱ्या व्हिनाइलचा कांहीं दोष नसतो. त्याला ओल्या बाळंतिणीच्या खोलींत कोंडलेलें असतें.

तिसरा प्रकार दोन डब्यांचा पी.यू. म्हणजे पॉलियुरेथेन रंग. एका डब्यांत रंग आणि दुसऱ्यांत त्याला घट्ट करणारें द्रव्य. दोन्ही मिसळलीं कीं रासायनिक क्रियेनेंच तो कडक होतो, आणि साधारण आठवड्याभरांत अक्षरांसाठीं तयार होतो. उन्हास टिकणाऱ्या जातीचा घेतला तर याच्यासारखा पृष्ठभाग दुसरा नाहीं. पण तो महाग आहे, आणि त्याच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात. योग्य मुखपट्टीवांचून, पडवींत मुलें खेळत असतांना, तो फवारण्याची वस्तु नव्हे. संस्थेचा मोठा फलक असेल आणि काम कसबी माणसाच्या कारखान्यांत होणार असेल, तर हा पैसा वांया जात नाहीं. एपॉक्सी रंगहि कोणी सुचवील. तो चिकटण्यांत बहाद्दर खरा, पण उन्हानें त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते आणि अक्षर त्या भुकटीवर बसून राहतें. त्याला खालच्या थराबाहेर जागा देऊं नये.

शहरी मंडळींना लांकडाच्या रेषा दिसलेल्या आवडतात, म्हणून नुसतें पारदर्शक वार्निश लावून त्यावर पांढरीं अक्षरें चिकटविण्याची टूम निघाली आहे. घरांत ती शोभते. बाहेर मात्र ऊन वार्निशांतून आरपार जाऊन खालचें लांकूडच करडें आणि भुसभुशीत करतें; त्याच्यावरचें वार्निश सुटतें, आणि वार्निशाबरोबर अक्षरेंहि. रंगांतील रंगद्रव्य हें लांकडाचें छत्र आहे. तें काढून घेतल्यावर दुसरें काय होणार?

हात किती द्यावे? लांकूड रंधून, कांचकागदानें घांसून, सर्व बाजूंनीं प्रायमरचे दोन हात द्यावे. सर्व बाजूंनीं म्हणजे पाठीलाहि. आमच्याकडे पाटीचें तोंड रंगवितात आणि पाठ कोरी ठेवतात. मग पाठीकडून प्यालेलें पाणी तोंडावाटे बाहेर येऊं पाहतें व रंगाचे फोड उठतात. फळीचीं दोन टोकें, जेथें लांकडाच्या नळ्या उघड्या असतात, तीं सर्वांत अधिक पाणी ओढतात; तेथें प्रायमरचा एक हात जास्तच द्यावा. लांबी केवळ खिळ्यांच्या भोंकांत आणि भेगांत भरावी, सबंध फळीवर जाड थापूं नये. त्यानंतर इनॅमलचे दोन पातळ हात द्यावे. एकच जाड हात दिला तर वर साय धरते आणि आंत ओलें राहतें.

एक इशारा येथेंच देतों. जुनी पाटी पुन्हां रंगवावयाची असेल तर तिचा रंग कोरडा खरवडूं नये. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ सालीं झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वींच्या पिवळ्या आणि शेंदरी रंगांत शिसें असण्याचा संभव पुष्कळ. पाणी शिंपडून ओलेंच घांसावें, तोंडाला फडकें नव्हे तर चांगली मुखपट्टी बांधावी, मुलांना दूर ठेवावें, आणि खालीं पडलेला लगदा गोळा करून टाकावा.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, वेळेचा. गांवच्या पाटीचा विचार मुंबईकरांना सुचतो तो गणपतींत, कारण तेव्हां सगळे गांवीं असतात. भाद्रपदांत लांकूड पाण्यानें तट्ट फुगलेलें, हवेला ओल, आणि मंडळींना अनंतचतुर्दशीनंतरची गाडी धरावयाची! रंग सकाळीं, अक्षरें दुसऱ्या दिवशीं, आणि तिसऱ्या दिवशीं नारळ फोडून छायाचित्र. याहून वाईट मुहूर्त पंचांगांत शोधून सांपडणार नाहीं. गणपतींत वर्गणी काढावी, मजकूर ठरवावा, आणि थांबावें. फळी पावसानंतर निदान दोन महिने सावलींत वाळूं द्यावी. रंग मार्गशीर्ष-पौषांत द्यावा. पण सकाळीं दंव उडून गेल्यावर सुरू करावा आणि दुपारीं तीनच्या आंत ब्रश धुवावा, कारण ओल्या इनॅमलवर दंव पडलें कीं त्याची चमक मरते. मग पाटी आडोशाला ठेवून द्यावी. शिमग्याला मंडळी पुन्हां येतातच. तोंवर दोन महिने होऊन गेलेले असतात, रंग आंतपर्यंत पिकलेला असतो, आणि हवा कोरडी असते. तेव्हां अक्षरें चिकटवावींत. रंगवाल्याला हें कॅलेंडर पटत नाहीं, कारण त्याला पैसे एकदांच घेऊन मोकळें व्हावयाचें असतें. २०२२ सालीं मराठी पाट्यांचा नियम लहान दुकानांनाहि लागू झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानें २५ सप्टेंबर २०२३ रोजीं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. अशा मुदतीच्या घाईंत जुन्या, धुरकटलेल्या फळीवरच नवें अक्षर चिकटविण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. परंतु वाडीच्या पाटीला अशी मुदत कोणी घातलेली नाहीं.

रंग पिकला कीं नाहीं हें ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. रेडियमवाल्याकडून त्याच व्हिनाइलचा बोटभर तुकडा आणून पाटीच्या कोंपऱ्यावर चिकटवावा आणि चोवीस तासांनीं पाहावें. खालीं फुगे आले असतील तर रंग अजून वाफा सोडीत आहे. आठवडाभर थांबून पुन्हां पाहावें. फुगे नसतील तर तुकडा झटक्यानें ओढावा. तो सहज निघून आला तर रंग अक्षरांना धरण्याजोगा नाहीं. तुकड्याबरोबर रंगच निघाला तर खालचें काम कच्चें आहे. आणि तो ताणला जाऊन कुरकुरत, नाइलाजानें निघाला, तर खुशाल कामास लागावें. या परीक्षेस खर्च कांहींच नाहीं, आणि तरी ती कोणी करीत नाहीं याचें मला नेहमीं नवल वाटतें.

व्हिनाइल मागतांना ‘कास्ट’ मागावें. दुसऱ्या प्रकारास ‘कॅलेंडर्ड’ म्हणतात. भेद सोपा आहे. मैद्याची पुरी लाटून ठेवली कीं ती हळूहळू आंखडते, कारण लाटण्याचा ताण तिच्या अंगांत राहिलेला असतो. घावनाचें पीठ तव्यावर ओततात. त्याला ताणच नसतो, म्हणून तें आंखडत नाहीं. कॅलेंडर्ड व्हिनाइल लाटलेलें असतें, कास्ट ओतलेलें. लाटलेलें उन्हांत कडांनीं मागें सरकूं लागतें. ओतलेलें महाग पडतें, पण तें पातळ आणि मऊ असल्यामुळें लांकडाच्या थोड्याफार हालचालीला संभाळून घेतें.

आपल्या लिपीची येथें एक विशेष अडचण आहे, तिकडे रंगाचीं व व्हिनाइलचीं परदेशी माहितीपत्रकें अर्थातच लक्ष देत नाहींत. रोमन लिपींतलें प्रत्येक अक्षर सुटें. आपल्याकडे शिरोरेषा सबंध शब्दाला एकत्र बांधते. ‘पोलादपूर’ हा शब्द एकसंध पापुद्रा म्हणून कापतां येतो, आणि मोठा तुकडा सहसा गळत नाहीं. मात्र संगणकावर जुळवितांना एका अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर किंचित् चढलेली असते. कारागिरानें तीं ‘वेल्ड’ केलीं नाहींत, म्हणजे एकांत एक मिसळून घेतलीं नाहींत, तर यंत्राची सुरी प्रत्येक सांध्यावर छेद देते, आणि त्या छेदांतून पाणी शिरतें. हें त्याला आधींच सांगावें. अनुस्वाराला तर शिरोरेषेचाहि आधार नाहीं. तो वाटाण्याएवढा ठिपका, त्याच्यामागें चीक तो केवढा असणार? म्हणून खालचा रंग कच्चा असेल तर पहिला बळी अनुस्वाराचा. ‘आंबेनळी’ची ‘आबेनळी’ झाली तर हंसून सोडून देतां येईल. पण ‘गति मंद ठेवा’ या सूचनेंतला ठिपका गळाला कीं गति ‘मद’ ठेवण्याचा उपदेश शिल्लक राहतो! मजकूर लिहितांना अक्षराची जाडी भरपूर धरावी, आणि अनुस्वार टपोरा कापण्यास सांगावें. सौंदर्यदृष्टीनें तो जरा मोठा दिसला तरी चालेल.

जमिनीच्या छटेविषयीं माझें मत थोडक्यांत सांगतों. काळी किंवा गर्द निळी जमीन दिसते भारदस्त, पण चैत्र-वैशाखांत ती तव्यासारखी तापते, आणि तापलेल्या रंगावर चीक सैल पडतो. पांढरी, पिवळसर किंवा फिकी जमीन आणि तीवर काळीं अक्षरें ही जोडी दुरून वाचतां येते, धुक्यांतहि त्यांतल्या त्यांत दिसते, व फळीला थंड ठेवते. तांबडीं अक्षरें उन्हानें सर्वांआधीं विटतात. रात्रीं दिसावें म्हणून चमकणारें रेडियम वापरावयाचें असेल तर जमीन गडद लागेल; मग निदान पाटी उत्तरेकडे तोंड करून किंवा झाडाच्या सावलींत लावतां येईल काय तें पाहावें.

अक्षरें चिकटविण्यापूर्वीं पाटी साबणाच्या पाण्यानें पुसून पूर्ण कोरडी करावी, आणि मग तिला तेलकट हात लावूं नये. भर दुपारच्या उन्हांत चिकटवूं नये, पापुद्रा ताणला जातो. सकाळीं दहाच्या सुमारास सावलींत बसून, प्लॅस्टिकच्या पट्टीनें मधून कडेकडे दाबीत न्यावें. वरून संरक्षण म्हणून वार्निशाचा हात देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकूं नये. त्यांतील पातळ द्रव्यानें पापुद्र्याच्या कडा वळतात.

पाटी टांगतांना ती भिंतीला किंवा खांबाला घट्ट भिडवूं नये, मागें बोटभर फट ठेवावी म्हणजे वारा फिरतो. वरच्या कडेला पाणी थांबूं नये म्हणून ती किंचित् उतरती तासावी. खिळे लोखंडी नकोत. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावे, नाहींतर पहिल्या पावसांतच गंजाचे ओघळ नांवावरून उतरतात. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस उघडला म्हणजे, शेवाळ मऊ फडक्यानें साबणाच्या पाण्यांत पुसून काढावें. घांसणी लावूं नये. इतकें केलें तर इनॅमलची पाटी चार-पांच वर्षें नीट राहते. पुढें चमक गेली कीं अक्षरें काढून पुन्हां रंगवावी.

आणि रेडियमवाल्याकडून अक्षरें घेतांना त्याच पापुद्र्यांतून दहा-बारा अनुस्वार अधिक कापून घ्यावे. त्याचे तो वेगळे पैसे मागत नाहीं, कारण तेवढी जागा एरवीं कचऱ्यांतच जाते. ते मागच्या कागदासकट एखाद्या जाड पुस्तकांत, उन्हापासून दूर, ठेवून द्यावे. दोनेक वर्षें त्यांचा चीक चांगला राहतो. पाकिटावर व्हिनाइलचा प्रकार, रंगाच्या डब्यावरचें छटेचें नांव आणि रंग दिल्याची तारीख लिहावी, आणि तें पाकीट मुंबईस न नेतां गांवींच, शाळेंत किंवा वाचनालयांत, ज्याच्याकडे शिडी आहे त्याच्या हवालीं करावें.